विश्लेषण : आहाराचा सल्ला नेमका कुणाच्या पैशातून येतो? कमला सोहोनी यांचे काम आज का आठवावे?

सकाळी उपाशीपोटी काय प्यावे, कोणत्या पावडरीने मुलांची उंची वाढते, कोणते तेल हृदयाला चांगले, असे सल्ले मोबाइलवर रोज येतात. त्यांतील बरेचसे सल्ले शेवटी एखादा डबा, बाटली किंवा पाकीट विकत घ्यायला सांगतात. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यासारख्या भागात हा थेट घरखर्चाचा प्रश्न आहे. इथल्या शेतात सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकतो, आणि त्याच घरातील मुलांच्या प्रथिनांसाठी दुकानातल्या डब्याकडे पाहिले जाते. आहाराच्या सल्ल्यामागे पैसा आणि प्रभाव कसा काम करतो, हे समजून घ्यायला जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांच्या आयुष्याचा उपयोग होतो. ज्या अन्नाची जाहिरात करायला कुणी पुढे येत नाही, ते अन्न त्यांनी प्रयोगशाळेत नेले. उतारवयात त्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालाच्या तपासणीकडे वळल्या.

कमला सोहोनी कोण होत्या?

माहेरच्या कमला भागवत. जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरुच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सुरुवातीच्या काळात शिकलेल्यांपैकी ते होते. थोरल्या बहीण म्हणजे लेखिका दुर्गा भागवत. आणीबाणीच्या काळात, १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सत्तेला खडे बोल सुनावणाऱ्या दुर्गाबाई मराठी वाचकाला ठाऊक असतात. धाकट्या कमलाबाई त्या मानाने कमी ठाऊक आहेत. मात्र अधिकाराच्या जागेवरील माणसाने नाही म्हटले तर कारण विचारायचे, ही सवय दोघींनाही होती.

कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. केले आणि वडिलांच्या व काकांच्या संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन, आणि स्त्रियांना संशोधन झेपत नाही असे त्यांचे मत होते. गांधीजींच्या सत्याग्रहाने भारलेला तो काळ. कमलाबाई बंगळूरुला गेल्या आणि रामन यांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी ठाण मांडले.

रामन यांनी शेवटी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव लागणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. अपमान गिळून त्यांनी अटी मान्य केल्या. वर्षभराचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली. मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना एम.एस्सी. पदवी दिली.

डाळीतील प्रथिने हा विषय त्या वेळी फारसा मानाचा नव्हता. पण मांस, अंडी रोज न परवडणाऱ्या देशात बहुसंख्यांना प्रथिने मिळतात ती डाळीतून. हा धागा त्यांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही.

केंब्रिजमध्ये त्यांनी काय केले?

शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या विभागात त्यांना जागा मिळाली. डॉ. डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी बटाट्यावर प्रयोग केले. पेशीच्या श्वसनात महत्त्वाचे काम करणारे ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, असे त्यांनी दाखवले. हे काम १४ महिन्यांत झाले आणि प्रबंध अवघा ४० पानांचा होता. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. विज्ञानातील पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला अशी त्यांची ओळख त्यातून झाली.

परदेशात थांबण्याऐवजी त्या त्याच वर्षी भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून त्या निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम करू लागल्या.

कुन्नूरची प्रयोगशाळा का महत्त्वाची?

अन्न आणि पैसा यांचे नाते या प्रयोगशाळेच्या जन्मातच होते. १९१८ मध्ये सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी ती बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी सुरू केली. पाय लुळे पाडणारा, हृदय निकामी करणारा हा रोग तांदूळ खाणाऱ्या भागांत होता. गिरणीत सडलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळातून कोंड्याबरोबर ‘ब १’ जीवनसत्त्व निघून जाते, हे त्याचे कारण. पांढरा तांदूळ टिकतो, दिसायला चांगला, भावही जास्त. गिरणीला तो परवडतो आणि खाणाऱ्याला प्रतिष्ठेचा वाटतो. तो खा असे कोणा डॉक्टरने सांगितले नव्हते. बाजारानेच ते ठरवले होते.

विदर्भाचा या वादाशी जवळचा संबंध आहे. १९३४ च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. हातसडीचा तांदूळ, गूळ, घाणीचे तेल यांचा प्रचार हा गांधीजींच्या या कामाचा भाग होता. त्यामागे आरोग्याचा विचार होता तसाच गावातल्या हाताला काम मिळण्याचाही होता. म्हणजे आहाराच्या सल्ल्यामागे अर्थकारण दोन्ही बाजूंना होते. एका बाजूचे गिरणीच्या नफ्याचे, दुसऱ्या बाजूचे गावाच्या रोजगाराचे.

या ओढाताणीत कुन्नूरच्या प्रयोगशाळेने एक कोरडे पण मोलाचे काम केले. भारतीय अन्नपदार्थांत प्रथिने किती, लोह किती, जीवनसत्त्वे किती, हे मोजून त्याचे तक्ते छापले. १९३७ मध्ये प्रयोगशाळेचे संचालक डॉ. आयक्रॉइड यांनी ते पुस्तिकेच्या रूपात आणले. हा खर्च सरकारी होता, आणि त्या तक्त्यात नाचणी किंवा चवळी यांना जागा मिळाली ती कुणा विक्रेत्यामुळे नव्हे. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. आज भारतीय आहाराची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे हीच संस्था काढते.

मुंबईत त्यांनी कोणते पदार्थ तपासले?

१९४७ मध्ये विमागणिती माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि कमलाबाई मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. इथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रामुख्याने तीन गोष्टींवर काम केले : कडधान्यांतील प्रथिने, धानाचे पीठ आणि नीरा. तिन्ही गोष्टी गरिबांच्या खाण्यातल्या. यांपैकी एकाही पदार्थामागे मोठी कंपनी नव्हती.

कडधान्यांवरचे त्यांचे काम आजही स्वयंपाकघरात उपयोगी पडते. वाल, पावटा, सोयाबीन यांसारख्या कच्च्या दाण्यांत काही द्रव्ये असतात. आपल्या पोटात प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन हे एन्झाइम असते. ही द्रव्ये त्याला काम करू देत नाहीत. त्यामुळे दाण्यात प्रथिने भरपूर असूनही ती अंगी लागत नाहीत. भारतीय भाज्या आणि डाळी यांतील ही ट्रिप्सिनरोधक द्रव्ये शोधून मोजण्याचे काम सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात केले आणि त्याची निबंधमालिका प्रसिद्ध केली. उष्णतेने ही द्रव्ये मोठ्या प्रमाणात निकामी होतात. कडधान्य भिजवायचे, मोड आणायचे आणि नीट शिजवायचे, या आजीच्या पद्धतीला त्यामुळे मोजमापाचा आधार मिळतो.

याच काळात मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला. शहरातील लाखो घरांत जाणाऱ्या सरकारी दुधाचा तो प्रश्न होता.

नीरेचे संशोधन सरकारच्या इच्छेतून झाले का?

या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी हो असे आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. ताड, माड, शिंदी या झाडांतून पहाटे निघणारा ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन लागले की ती आंबते आणि ताडी होते. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. ताडी बंद झाली तर ती काढणाऱ्यांनी करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. नीरा आणि ताडगूळ हा त्यावरचा एक पर्याय होता. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी सुचवल्यावरून सोहोनी यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला.

म्हणजे विषय सत्तेकडून आला. नीरा चांगली निघावी अशी सरकारची इच्छा असणारच. पण सोहोनी यांनी काम केले ते नेहमीच्या पद्धतीने. नीरेत काय आहे हे आधी मोजले. अ आणि क जीवनसत्त्व, लोह आढळले. नीरा आटवून केलेल्या गुळात व काकवीत हे घटक टिकतात का, हे तपासले. त्यानंतर कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात ती देऊन परिणाम पाहिला. प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पैसा आणि प्रभाव संशोधनात दोन ठिकाणी शिरतो. पहिले ठिकाण म्हणजे विषयाची निवड. कोणत्या पदार्थावर प्रयोग होणार हे बहुधा पैसे देणाराच ठरवतो, आणि ज्याच्यामागे कोणी नाही तो पदार्थ न तपासताच राहतो. दुसरे ठिकाण म्हणजे निष्कर्ष. नीरेच्या बाबतीत प्रभाव पहिल्या ठिकाणी होता. मोजमाप मात्र इतर कोणत्याही शास्त्रज्ञाला पुन्हा करून पाहता येईल असे होते. नीरेची मर्यादाही साधी आहे. तिच्यात साखर असते, त्यामुळे कुपोषित मुलाला जे उपयोगी पडले ते मधुमेह्याला चालेलच असे नाही.

त्याच काळात जगात काय चालले होते?

अमेरिकेतील एक प्रकरण निष्कर्षातच पैसा शिरण्याचे उदाहरण मानले जाते. १९६० च्या दशकात हृदयविकाराला साखर जबाबदार की चरबी, असा वाद होता. साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांना उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेण्यासाठी त्या काळातील साडेसहा हजार डॉलर दिले. साखरेबाबतच्या अभ्यासांना त्या आढाव्यात कमी लेखले गेले आणि भर चरबीवर दिला गेला. १९६७ मध्ये हा आढावा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात छापून आला. पैसे कुणी दिले याचा उल्लेख त्यात नव्हता. तो करावा असा नियमही तेव्हा नव्हता. त्या नियतकालिकाने ही सक्ती १९८४ मध्ये सुरू केली.

हा व्यवहार उघड झाला तो २०१६ मध्ये, जुनी पत्रे अभ्यासकांच्या हाती लागल्यावर. मधल्या जवळपास ५० वर्षांत चरबी कमी आणि साखर जास्त असलेले असंख्य पदार्थ आरोग्यदायी म्हणून विकले गेले. चरबीबद्दलचे सगळेच इशारे खोटे होते असा याचा अर्थ होत नाही. तराजूच्या एका पारड्यात पैशाचे वजन होते आणि ते कुणाला दिसत नव्हते, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले.

रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये कमलाबाईंना पदोन्नती वेळेवर का मिळाली नाही?

प्रभाव नेहमी कंपनीचाच असतो असे नाही. संस्थेच्या संचालकपदासाठी कमलाबाई पात्र असताना त्यांची नियुक्ती सुमारे चार वर्षे लांबली. स्त्री असणे आणि संस्थेतले अंतर्गत राजकारण ही त्याची कारणे सांगितली जातात. अखेर त्या संचालक झाल्या. इतक्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी स्त्री असणे त्या वेळी दुर्मीळ होते.

घरात शिजवणारी आणि वाढणारी बहुधा स्त्री असते. मुलांच्या पोषणाचे सल्लेही तिलाच दिले जातात. पण काय संशोधायचे हे ठरवणाऱ्या खुर्चीवर स्त्रिया उशिरा आल्या.

ग्राहक चळवळीत त्या कशा आल्या?

१९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी ‘कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही ग्राहक संस्था सुरू केली. टंचाईचे दिवस होते. वजनात मारणे, भेसळ करणे, खोटा दावा करून माल खपवणे हे सर्रास चालत असे. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्येच झाला होता, पण कायद्याच्या पुस्तकातून तो गृहिणीच्या पिशवीपर्यंत पोहोचत नव्हता.

केंब्रिजची पदवी असलेल्या, संचालकपद भूषवणाऱ्या कमलाबाई या संस्थेच्या सक्रिय सदस्य झाल्या. हळदीत रंग, तेलात स्वस्त तेल, तूरडाळीत लाखोळी डाळ अशा भेसळींचा तो काळ होता. लाखोळी सतत आणि मोठ्या प्रमाणात खाल्ली तर पायांचा लकवा होऊ शकतो, हे विदर्भातल्या जुन्या पिढीला वेगळे सांगायला नको. मालाच्या दर्जाच्या चाचण्यांत कमलाबाईंनी आपले ज्ञान वापरले आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या.

या कामाचे वेगळेपण असे की तपासणाऱ्याला काही विकायचे नव्हते. माल चांगला निघाला तर फायदा ग्राहकाचा, वाईट निघाला तरी फायदा ग्राहकाचाच. अशा संस्थांच्या पाठपुराव्यानंतर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्हा पातळीवर दाद मागण्याची सोय आली.

कायद्याने पैशाचा प्रभाव कधी रोखला?

बाळाच्या दूध पावडरीचा वाद हे त्याचे सर्वात ठळक उदाहरण. १९७० च्या दशकात गरीब देशांत पावडरीच्या दुधाची जोरदार जाहिरात होत होती. अस्वच्छ पाणी, पैसे वाचवण्यासाठी पातळ केलेले दूध आणि त्यातून होणारी हगवण, यांत बाळे दगावत होती. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीबाबत आचारसंहिता मंजूर केली.

भारताने १९९२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दूध पावडरीची आणि तयार अन्नाची जाहिरात, मोफत नमुने, भेटवस्तू यांवर बंदी आली. डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांना या कंपन्यांनी परिषद, चर्चासत्र, शिष्यवृत्ती किंवा संशोधनासाठी पैसे देण्यावरही बंदी आली. सल्ला देणाऱ्याच्या खिशात विकणाऱ्याचा पैसा गेला तर सल्ला बदलतो, हे या कायद्याने स्पष्टपणे गृहीत धरले आहे.

मोठ्या मुलांच्या आणि प्रौढांच्या अन्नाबाबत इतकी कडक भिंत नाही. अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरात करणाऱ्या नामवंतांनाही दंड आणि बंदीची तरतूद आहे. समाजमाध्यमांवर आरोग्याचे सल्ले देणाऱ्यांनी आपली पात्रता सांगावी, असे केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचनांत म्हटले. पैसे किंवा भेट घेतली असेल तर तेही जाहीर करावे लागते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा वर्गच नाही. अनेक घरांत ती पेये त्याच नावाने वर्षानुवर्षे येत होती.

मानोऱ्याशी या सगळ्याचा संबंध काय?

वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. आरोग्य आणि पोषण हा त्या कार्यक्रमातील प्रमुख निकष आहे. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा तांडे आहेत, कोरडवाहू शेती आहे. इथल्या मजूर कुटुंबाचा महिन्याचा एखादा डबा म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी असू शकते. सल्ला चुकला तर पैसाही जातो आणि पोषणही.

केंद्राने २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला, म्हणजे किलोला सुमारे ५३ रुपये. हमीभावाइतका दर बाजारात प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही. या एक किलो सोयाबीनमध्ये ३५० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. तूरडाळीत दर १०० ग्रॅममागे २० ग्रॅमहून अधिक. प्रथिनांच्या पावडरीचा किलोचा डबा मात्र हजारांच्या घरात जातो, आणि त्यांतील काही पावडरींचा कच्चा माल सोयाबीनच असतो. शेतातून किलोला ५० रुपयांच्या आसपास गेलेला माल, चकचकीत डब्यातून आणि कुणा देखण्या चेहऱ्याच्या शिफारशीसह परत येतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात, असे त्यांत सांगितले आहे. धान्य आणि डाळ साधारण तीनास एक या प्रमाणात एकत्र खाल्ली तर प्रथिनांचा दर्जा सुधारतो, हेही त्यांत आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत जे कमी ते धान्यात असते. चून-भाकर, वरण-भात, मुगाची खिचडी यांत ही जोडी जमलेली असते.

सोहोनी यांच्या कामाचा धडा इथे लागू होतो. सोयाबीन कच्चे किंवा अर्धे कच्चे खाऊ नये. ते भिजवून पूर्ण शिजवावे, किंवा चांगले भाजून थोड्या प्रमाणात गव्हाच्या वा ज्वारीच्या पिठात मिसळावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. अंगणवाडीतील आहार, घरची डाळ, अंडे किंवा दूध, हिरवी भाजी आणि हंगामी फळ यांतून बहुतेक निरोगी मुलांची गरज भागू शकते. मूल वाढत नसेल तर डबा आणण्याआधी अंगणवाडीत त्याचे वजन व उंची मोजून घ्यावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

सल्ला तपासायचा कसा?

सोहोनी यांच्या कामातून चार साधे प्रश्न काढता येतात. सल्ला देणाऱ्याला यातून काय मिळते? त्याची पात्रता काय? दावा कशावरून केला, माणसांवर मोजून पाहिला की एखाद्या घटकाचे नाव सांगून थांबला? आणि हेच पोषण घरातल्या कोणत्या पदार्थातून, किती रुपयांत मिळेल? पाकिटाच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला साखर, मीठ आणि चरबीचे आकडे असतात. आधी मागची बाजू वाचावी. पारंपरिक, नैसर्गिक, आयुर्वेदिक अशा शब्दांनाही हेच प्रश्न लागू आहेत, कारण त्या शब्दांचाही मोठा बाजार आहे.

असे काम विस्मरणात का जाते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आयुष्याच्या अखेरच्या काळात कमलाबाईंचा दिल्लीत सन्मान केला. २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ जुलैला, अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. १८ जून २०२३ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळले.

डाळीच्या बाजूने जाहिरातीला पैसे देणारे कुणी नाही, भाकरीला कुणी सदिच्छादूत नेमत नाही, आणि वाल नीट शिजवा हे सांगून कुणाचा नफा वाढत नाही. त्यामुळे असे ज्ञान शाळेचे पुस्तक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि स्थानिक वृत्तपत्र यांच्यामार्फतच पोहोचू शकते. मानोऱ्यातील तांड्यावर गरोदर बाईला काय खावे हे सांगणारी आशाताई आणि मोबाइलवरचा प्रायोजित व्हिडिओ यांच्यात आज स्पर्धा आहे. व्हिडिओमागे कंपनीचे अंदाजपत्रक असते. आशाताईच्या हातात राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते आणि स्थानिक भाषेतील साधी पत्रके वेळेवर पडली, तर तिचे म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता वाढेल.